छतावरचा दिवा : अर्ध्या तासाचे काम, दिवसभराचा मनस्ताप

दिवाळीपूर्वीचे रंगकाम आटोपते, नवे पडदे लागतात आणि त्यांच्या जोडीला दिवाणखान्यासाठी एखादा नवा दिवाही घरी येतो. ‘दोन वायरी तर जोडायच्या आहेत’ असे म्हणत रविवारी सकाळी घरातील कर्ता पुरुष स्टुलावर चढतो आणि संध्याकाळी छताला चार निकामी भोके, जमिनीवर सिमेंटची भुकटी व अंधारलेला दिवाणखाना एवढेच हाती लागते. शहरातील असंख्य घरांना हा अनुभव परिचित आहे. दोष बहुधा कौशल्याचा नसतो. छत, त्यातील वायरिंग आणि बाजारातला दिवा या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या हातांनी तयार झालेल्या असतात आणि त्यांची पहिली गाठ पडते ती शिडीच्या टोकावर.

छताशी झुंज

इमारतीचा स्लॅब ओतला जातो तेव्हाच पंख्याचा हुक आणि दिव्याच्या पॉइंटची जागा ठरून जाते. पुढे खोलीची मांडणी कितीही बदलली तरी ती जागा हलत नाही. नव्या दिव्याची पट्टी नेमकी त्या पॉइंटवर बसत नाही आणि मग भोके पाडण्याची वेळ येते.

छताचा गिलावा साधारण सहा मिलिमीटर जाडीचा असतो. आखूड स्क्रू तेवढ्यातच अडकतो आणि काही दिवसांत गिलाव्याच्या पापुद्र्यासह दिवा खाली येतो. म्हणूनच भोक काँक्रीटमध्ये किमान इंचभर आत जायला हवे. साधे ड्रिल यंत्र तेथे नुसते फिरत राहते, त्यासाठी ठोके देणारे हॅमर ड्रिल आणि काँक्रीटचे बिट लागते. काही वेळा इंचभर आत जाताच बिट अडते. स्लॅबमधील लोखंडी सळई पृष्ठभागापासून जेमतेम वीस मिलिमीटरवर असू शकते. अशा वेळी जोर करण्यात अर्थ नसतो, दोन-तीन सेंटिमीटर सरकून नवे भोक घेणे हाच मार्ग. कन्सिल्ड वायरिंगचे पाइपही याच स्लॅबमधून गेलेले असतात. पॉइंटच्या अगदी लगत भोक घेतल्यास बिट थेट वायरीत घुसण्याचा संभव असतो.

पीओपीच्या छताची अडचण निराळी. तेथे भोक सहज पडते, पण भार पेलला जात नाही. छोटे दिवे स्प्रिंगच्या कानांवर तग धरतात. झुंबर मात्र वरच्या मूळ स्लॅबलाच टांगले पाहिजे. पंख्याच्या हुकावर झुंबर लटकवण्यापूर्वी त्याचे वजन पाहावे. घरगुती पंखा साधारण चार-पाच किलोंचा असतो, पितळ व काचेचे झुंबर त्याहून कितीतरी जड असू शकते.

मुंबईतील जुन्या चाळी व पुण्यातील वाडे येथे लाकडी तुळयांमुळे स्क्रू बसवणे सोपे जाते. तेथील संकट वायरीत असते. कित्येक दशकांपूर्वीच्या रबरी वेष्टनाच्या वायरी वाकवताच वेष्टनाचा भुगा होतो आणि तांबे उघडे पडते. अशी वायर टेप गुंडाळून परत आत ढकलणे म्हणजे आगीला आमंत्रण देणे होय. ती बदलणेच इष्ट.

दोनच वायरी, पण कोणत्या?

नव्या दिव्यातून तीन वायरी येतात आणि छतातून बहुधा दोनच. भारतातील रूढ संकेतानुसार लाल, पिवळी किंवा निळी वायर फेजची, काळी न्यूट्रलची आणि हिरवी अर्थिंगची. प्रत्यक्षात मात्र बांधकामाच्या वेळी हाताशी असलेल्या वायरीच्या रिळावर काम उरकलेले असते आणि छतातून दोन्ही लाल वायरी डोकावतात. परदेशी बनावटीच्या दिव्यात तपकिरी वायर फेजची, निळी न्यूट्रलची व हिरवी-पिवळी अर्थिंगची असते. आपल्याकडे फेजसाठीही वापरली जाणारी निळी वायर तेथे न्यूट्रल ठरते आणि गोंधळात भर पडते.

याहून गंभीर चूक बटणात दडलेली असते. बटणाने फेज तोडला गेला पाहिजे. अनेक घरांत मात्र बटणावर न्यूट्रल घेतलेला आढळतो. तरीही बटण दाबताच दिवा लागतो आणि विझतो, त्यामुळे ही चूक वर्षानुवर्षे लक्षात येत नाही. बटण बंद असतानाही होल्डरमध्ये २३० व्होल्टचा प्रवाह हजर असतो आणि ‘बटण बंद आहे’ या भरवशावर बल्ब बदलणाऱ्याला धक्का बसतो. आट्यांच्या होल्डरमध्ये हा धोका वाढतो. तेथे फेज मधल्या टोकाला व न्यूट्रल आट्यांना जोडायचा असतो. उलट जोडणी झाल्यास बल्ब फिरवताना बोटांना लागणारी धातूची आटीच जिवंत होते. आपल्याकडील पारंपरिक खिळ्यांचा होल्डर आणि आयात दिव्यांतील आट्यांचा होल्डर यांत अदलाबदल होत नाही, हेही खरेदीच्या वेळीच पाहावे.

बंद केल्यावरही एलईडी दिवा मंद मिणमिणत राहतो, ही तक्रार याच्याशीच निगडित असू शकते. बटणावर न्यूट्रल असल्यास किंवा बटणात छोटा सूचक दिवा असल्यास अत्यल्प प्रवाह झिरपत राहतो. जुन्या बल्बला तो जाणवत नसे. एलईडीला एवढा प्रवाहही पुरतो. दिवा सदोष समजून तो दुकानात परत नेण्यापूर्वी बटण तपासून घ्यावे.

मेन स्विच बंद केला, पुढे?

सर्वांत मोठा घात खोट्या सुरक्षिततेमुळे होतो. घरात इन्व्हर्टर असेल तर मेन स्विच बंद करताच इन्व्हर्टर सुरू होतो आणि दिव्यांच्या वायरींत पुन्हा पूर्ण दाबाचा प्रवाह वाहू लागतो. म्हणून मेनबरोबर इन्व्हर्टरही बंद करणे अत्यावश्यक आहे. ‘लाइट गेली आहे, तेवढ्यात उरकून घेऊ’ हा विचारही तितकाच घातक. गेलेली वीज कोणत्याही क्षणी परतते आणि ती परतताना शिडीवरच्या माणसाला पूर्वसूचना देत नाही.

केवळ खोलीचा एमसीबी खाली पाडणेही पुरेसे नसते. एकेरी एमसीबी फक्त फेज तोडतो, न्यूट्रल जोडलेलाच राहतो. मूळ जोडणीच उलटी असेल तर एमसीबी पाडूनही वायर जिवंत राहते. फेज व न्यूट्रल दोन्ही तोडणारा मेन स्विच बंद करणे हाच खात्रीचा उपाय. एमसीबी बंद ठेवून काम करताना न्यूट्रल व अर्थिंगच्या वायरी एकमेकींना लागल्या की आरसीसीबी पडतो आणि सारे घर अंधारात जाते. ‘वीज बंद असताना हे पडले कसे’ हा प्रश्न अनेकांना कोड्यात टाकतो. त्याचे उत्तर या न तुटलेल्या न्यूट्रलमध्ये आहे.

टेस्टरवरही आंधळा विश्वास ठेवू नये. कोरड्या लाकडी शिडीवर, रबरी चपला घालून उभ्या असलेल्या माणसाच्या हातातील निऑन टेस्टर जिवंत वायरीलाही क्षीण प्रकाश देतो आणि भर दिवसा तो दिसत नाही. टेस्टर आधी चालू सॉकेटवर तपासावा, मग वायरीला लावावा आणि शेवटी पुन्हा सॉकेटवर तपासावा.

हिरवी वायर शोभेची नाही

धातूच्या दिव्याला अर्थिंग लागतेच. दिव्यावर चौकोनात चौकोन अशी खूण असेल तर त्याला दुहेरी इन्सुलेशन आहे आणि अर्थिंगची गरज नाही. ही खूण नसलेल्या धातूच्या दिव्याची हिरवी वायर कापून टाकणे, टेपने गुंडाळून ठेवणे किंवा ‘दोन्ही शेवटी जमिनीतच जातात’ असे म्हणून ती न्यूट्रलला जोडणे, हे तिन्ही प्रकार सर्रास चालतात. त्यांतील तिसरा सर्वांत भयंकर. घराकडे येणारा न्यूट्रल कोठे तुटला तर दिव्याच्या धातूच्या अंगावर फेज उतरतो. दिवा लागत नाही, म्हणून कोणीतरी त्याला हात लावून पाहते आणि अनर्थ ओढवतो. छतात अर्थिंगची वायर नसेल तर दोनच पर्याय उरतात. स्विचबोर्डापासून नवी हिरवी वायर ओढून घ्यावी, नाहीतर दुहेरी इन्सुलेशनचा दिवा निवडावा. तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवलेला असल्यास गळती होताच प्रवाह तुटतो. तो अर्थिंगच्या जोडीला असावा. त्याच्या बदल्यात अर्थिंग टाळू नये.

जुन्या पट्टीत नवी ट्यूब

चोक व स्टार्टर असलेल्या ट्यूबलाइटच्या पट्टीत एलईडी ट्यूब बसवण्याकडे अनेकांचा कल असतो. काही एलईडी ट्यूब जुना स्टार्टर काढून सोबत दिलेला बसवला की चालतात. काहींसाठी चोक वगळून थेट जोडणी करावी लागते. काहींना फेज व न्यूट्रल दोन्ही एकाच टोकाला द्यावे लागतात. वेष्टनावरील आकृती न पाहता जोडणी केल्यास ट्यूब जळते किंवा शॉर्टसर्किट होते. पट्टी जुनी व गंजलेली असेल तर ट्यूबसह संपूर्ण नवी पट्टी बसवणे कमी त्रासाचे ठरते.

काम सुरू करण्यापूर्वी

– दिवा विकत घेण्यापूर्वी छतातील वायरींची संख्या, पॉइंटची जागा व छताचा प्रकार पाहून ठेवावा.

– एकमेकांवर रचलेली स्टुले व फिरत्या खुर्च्या टाळाव्यात. घडीची शिडी वापरावी आणि ती धरायला खाली दुसरी व्यक्ती असावी.

– एका हाताने दिवा पेलत दुसऱ्या हाताने वायर जोडण्यातच बहुतेकांचा धीर सुटतो. जोडणी होईपर्यंत दिवा मजबूत तारेच्या आकड्याने पट्टीला टांगून ठेवावा. भार वायरीवर कधीही येऊ देऊ नये.

– नुसता पीळ देऊन टेप गुंडाळण्यापेक्षा स्क्रूचा कनेक्टर वापरावा. सैल जोड तापतो आणि वायर जाळतो.

– गॅलरीत किंवा न्हाणीघरात पाण्यापासून संरक्षण असलेलाच दिवा घ्यावा. ‘आयपी’ या अक्षरांपुढील दुसरा अंक पाण्यापासूनचे संरक्षण दर्शवतो.

वायरमन कधी बोलवावा?

भारतीय वीज नियम, १९५६ मध्ये आणि त्यांची जागा घेतलेल्या व २०२३ पर्यंत लागू असलेल्या केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या नियमांतही दिवे, पंखे, फ्यूज, बटणे यांची जशीच्या तशी बदली आणि वायरिंगमधील फेरफार यांत भेद केलेला होता. पहिले काम घरच्या घरी करता येते. नवा पॉइंट काढणे, वायर बदलणे, अर्थिंग ओढणे यांसारखी कामे मात्र परवानाधारकाकडूनच करून घ्यायची असतात. एका दिव्यासाठी वायरमन लवकर मिळत नाही, ‘उद्या येतो’चे चार दिवस होतात, ही तक्रार खोटी नाही. घरातील अशी पाच-सहा किरकोळ कामे साठवून एकाच फेरीत करून घेणे दोघांच्याही सोयीचे पडते.

दिव्याला हात लावताच झिणझिण्या येणे, एमसीबी वारंवार पडणे, जोडाजवळ जळका वास येणे किंवा वायरीचे वेष्टन हातात गळून पडणे, यांपैकी एकही लक्षण दिसले तर काम तेथेच थांबवून शिडीवरून उतरावे. दोन दिवस टेबललॅम्पवर काढणे गैरसोयीचे असेल, पण बसवलेला दिवा पुढची दहा-पंधरा वर्षे डोक्यावर राहणार असतो आणि त्याखाली घरातली मुले-माणसे वावरणार असतात.