उसाच्या जीनोममधील ध्रुपदे

नीरा डाव्या कालव्याचे पाणी १८८५ च्या सुमारास बारामती-इंदापूरकडे वळले आणि या कोरडवाहू पट्ट्यात पुढे ऊस स्थिरावला. तेथील शेतकऱ्यांच्या ओळखीचा को ८६०३२ हा वाण महाराष्ट्रात ‘नीरा’ याच नावाने प्रसारित झाला. तो मूळचा कोइमतूरच्या ऊस पैदास संस्थेचा. १९१२ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेने जाड, गोड ऊस आणि चिवट रानटी ऊस यांचा संकर केला. आजचे लागवडीतील वाण अशाच संकरांतून आले.

या संकराची किंमत जीनोम वाचताना मोजावी लागते. माणसात प्रत्येक गुणसूत्राच्या दोन प्रती असतात. उसात दहा-बारा, त्याही थोड्याथोड्या फरकाच्या. रीयुनियन बेटावरील आर ५७० या वाणाचा जीनोम सुमारे १००० कोटी अक्षरांचा आहे आणि यंत्र तो तुकड्यातुकड्यांनी वाचते. अभंगांची वही फाटली आणि हाती केवळ ध्रुपदाचा कपटा आला, तर तो कुठल्या कडव्यानंतरचा हे कसे ठरवावे?

डीएनएत अशी पुनरुक्ती भरपूर आहे, हे ब्रिटन आणि कोन यांनी १९६८ मध्ये रसायनशास्त्राच्या आधारे दाखवले होते. उष्णतेने विलग केलेले धागे थंड होताना पुन्हा जुळतात; ज्यांच्या प्रती अनेक, ते लवकर जुळतात. पण पुनरुक्ती नेमकी कोठे आहे, हे त्यातून कळत नव्हते. त्यासाठी अक्षरे ताडून पाहणे आले. १००० कोटी स्थानांपैकी प्रत्येकाची इतर प्रत्येकाशी तुलना करायची, तर सेकंदाला १०० कोटी तुलना करूनही दीड हजार वर्षे लागतील!

पीटर वायनर यांनी १९७३ मध्ये यावर वृक्षरूप मांडणी सुचवली. ती वेगवान होती, पण संगणकाची स्मृती फार खाई. मॅन्बर आणि मायर्स यांनी १९९० मध्ये मांडलेली युक्ती मात्र आपल्याला फळ्यावर करता येते. ‘गटकगटअ’ घ्या. प्रत्येक अक्षरापासून शेवटपर्यंतचा तुकडा लिहा आणि सर्व तुकडे वर्णानुक्रमे लावा: अ, कगटअ, गटअ, गटकगटअ, टअ, टकगटअ. ‘गट’ने सुरू होणारे दोन्ही तुकडे आपोआप शेजारी आले. आता फक्त शेजाऱ्यांची तुलना पुरते. संगणक तुकडे लिहीतही नाही, त्यांच्या आरंभस्थानांचे आकडे तेवढे ठेवतो.

आर ५७० तपकिरी तांबेऱ्याला दाद देत नाही आणि ही शक्ती एका प्रमुख जनुकाशी निगडित असावी, हे १९९६ मध्येच प्रसिद्ध झाले होते. प्रतींच्या गर्दीत ते जनुक मात्र सापडेना. लांब तुकडे अचूक वाचणारी यंत्रे आल्यावर २०२४ मध्ये या वाणाचा तपशीलवार जीनोम प्रसिद्ध झाला, आणि रोगप्रतिकाराला बहुधा कारणीभूत असलेली, शेजारीशेजारी बसलेली दोन जनुके त्यात दिसली.