मूत्रांतील रक्त : एका लक्षणाची साक्ष

जुन्या वैद्यक-बाडांचा संग्रह करणाऱ्या गृहस्थांस एक मोह वारंवार पडतो. पोथींत एखाद्या व्याधीचें नांव आढळलें, कीं आजच्या वैद्यकांतील सर्व ज्ञान त्या नांवाखालीं पूर्वींच नमूद झालें होतें असें त्यांस वाटूं लागतें. प्रमेहाच्या वीस प्रकारांत ‘लोहितमेह’ हा शब्द दिसतांच, मूत्रांतील जें रक्त केवळ सूक्ष्मदर्शकानेंच दिसतें तें, आणि त्यावरून वर्तविला जाणारा मूत्रपिंडाचा विकार, हीं दोन्हीही आपल्या ग्रंथकारांस अवगत होतीं, असें विधान आम्हीं एकाहून अधिक वेळां ऐकिलें आहे. हें विधान टिकणारें नाहीं. परंतु तें खोडून काढतांना जें खरोखर ग्रंथांत आहे तें हातचें जाऊं नये, म्हणून या प्रश्नाचा थोडक्यांत विचार करण्याचें योजिलें आहे.

(१)

चरकानें पित्तज प्रमेहाचे सहा प्रकार सांगितले आहेत : क्षारमेह, कालमेह, नीलमेह, लोहितमेह, मांजिष्ठमेह व हारिद्रमेह. सुश्रुत लोहितमेहाच्या जागीं शोणितमेह हा शब्द योजितो. चरकाच्या निदानस्थानांत लोहितमेहाचें जें वर्णन आहे त्यांत मूत्राला कच्चा, उग्र वास, रस खारट, स्पर्श उष्ण आणि वर्ण रक्ताचा असें म्हटलें आहे. हीं सर्व इंद्रियगोचर लक्षणें होत. ज्या मूत्राचा रंग नित्याप्रमाणेंच आहे अशा मूत्रांतील रक्ताविषयीं तेथें एक अक्षरही नाहीं. आणि असणें शक्यही नव्हतें. मनुष्याच्या रक्तांतील तांबडे कण हॉलंडांतील लेव्हेनहूक यानें आपल्या भिंगाखालीं पाहून वर्णिले ते इ. स. १६७४ मध्यें. जें साधन नव्हतें त्या साधनानें दिसणारी वस्तु प्राचीनांच्या पदरीं बांधणें हा त्यांचा गौरव नव्हे.

तथापि त्याच चरकाच्या चिकित्सास्थानांत, प्रमेहावरील सहाव्या अध्यायांत, एक नियम आहे. त्याकडे आमच्या मतें पुरेसें लक्ष गेलेलें नाहीं. यादवजी त्रिकमजी आचार्य यांनीं संपादिलेली व निर्णयसागरांत इ. स. १९४१ सालीं छापलेली, चक्रपाणिदत्ताच्या टीकेसह असलेली प्रत ज्यांच्यापाशीं आहे त्यांनीं तें स्थळ ताडून पाहावें. तेथील आशय असा : एखाद्यास हळदीच्या रंगाचें अथवा रक्तमय मूत्र होत असेल, परंतु प्रमेहाचीं पूर्वरूपें त्यास झालेलीं नसतील, तर त्यास प्रमेही म्हणूं नये; तो रक्तपित्ताचा प्रकोप समजावा. पूर्वरूपें म्हणजे केसांच्या जटा होणें, तोंडाला गोडी येणें, हातपाय बधिर होणें व त्यांची आग होणें, मूत्राला मुंग्या लागणें इत्यादि.

या नियमाचें महत्त्व लक्षांत घ्यावें. मूत्र दोन्ही रोग्यांचें तांबडेंच आहे. डोळ्यांस दिसणारें लक्षण एकच. पण त्याच्या मागचा इतिहास निराळा, म्हणून रोगाचें नांव निराळें. एकटें लक्षण साक्षीस उभें करून निवाडा देऊं नये, त्याचे सोबती कोण हें विचारावें, हा तो दंडक होय. दस्तऐवजाची पारख करणाऱ्या आमच्या वाचकांस हा दंडक परका वाटणार नाहीं.

दुसरी गोष्ट भवितव्याची. दहा कफज प्रमेह साध्य, सहा पित्तज याप्य आणि चार वातज असाध्य, अशी चरकाची वांटणी आहे. रक्तपित्ताचीही अशीच : ऊर्ध्वमार्गानें जाणारें साध्य, अधोमार्गानें जाणारें याप्य, उभयमार्गीं असाध्य. म्हणजे रक्तमय मूत्राचा रोगी प्रमेही ठरो वा रक्तपित्ती ठरो, रक्त केवळ अधोमार्गानेंच जात असेल तर दोन्ही वाटांनीं तो याप्यांतच येतो. याप्य म्हणजे समूळ बरा न होणारा, परंतु उपचार चालू असेपर्यंत आवरून धरतां येणारा. सुश्रुतानें यास पडूं पाहणाऱ्या घराला नीट लाविलेल्या टेकूचा दृष्टांत दिला आहे. या टेकूकडे आपण शेवटीं पुन्हां येऊं.

(२)

नियम होता, परंतु पुढील काळीं तो पाळला गेला असें नाहीं. आनंदाश्रमानें छापलेल्या योगरत्नाकर ग्रंथांत तैलबिंदुपरीक्षा आहे. पहांटेचें मूत्र, पहिली धार सोडून मधल्या धारेचें, पात्रांत घ्यावें. त्यावर गवताच्या काडीनें तेलाचा थेंब सोडावा. तो पसरला तर रोग साध्य, न पसरला तर कष्टसाध्य, बुडाला तर असाध्य. मधली धार घेण्याचा दंडक आजच्या प्रयोगशाळाही पाळतात, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. परंतु एका थेंबावरून आयुष्याचा निकाल सांगणें ही एकाच साक्षीदारावर विसंबण्याची चूक होय.

युरोपांतही हीच चूक झाली. हिपोक्रॅटिसच्या नांवावर असलेल्या सूत्रसंग्रहांत, मूत्रावर बुडबुडे राहिले तर मूत्रपिंडाचा विकार असून तो दीर्घकाळ चालेल, असें एक मार्मिक सूत्र आहे. पुढें मध्ययुगांत कांचेची कुपी उजेडांत धरून, कित्येकदां रोग्यास न पाहतांच, वैद्य भविष्य सांगूं लागले, आणि ती कुपी थट्टेचा विषय झाली.

ती परंपरा मोडली ती रिचर्ड ब्राइट यानें. लंडनच्या गाय रुग्णालयांतील या वैद्यानें इ. स. १८२७ त आपले रुग्णवृत्तांत प्रसिद्ध केले. चमचाभर मूत्र मेणबत्तीवर तापवावें, आंतील प्रथिन गोठून पांढरें दिसतें, एवढीच त्याची कसोटी. परंतु त्यानें ती एकटी ठेविली नाहीं. अंगावरची सूज, मूत्रांतील प्रथिन आणि मृत्यूनंतर उघडून पाहिलेलीं मूत्रपिंडें, या तिहींची सांगड त्यानें घातली.

(३)

न दिसणाऱ्या रक्ताचा हिशेब त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षांनीं नीट मांडला गेला. टॉमस ॲडिस यानें इ. स. १९२५ त बारा तासांच्या मूत्रांतील कण मोजण्याची रीत घालून दिली. तींत असें दिसलें कीं निरोगी माणसाच्या तेवढ्या मूत्रांतही सुमारें पांच लाखांपर्यंत तांबडे कण असूं शकतात. म्हणजे प्रश्न रक्त आहे कीं नाहीं हा नसून किती आहे हा ठरला. आज सूक्ष्मदर्शकाच्या मोठ्या शक्तीच्या एका दृष्टिक्षेत्रांत तीन किंवा अधिक कण दिसल्यास त्यास रोगलक्षण मानितात.

पुढचा प्रश्न, हें रक्त कोठून आलें? मूत्रपिंडाच्या गाळणींतून, कीं खालीं मूत्राशयांतून? इ. स. १९७९ मध्यें मेलबर्न येथील बर्च व फेअर्ली यांनीं दाखविलें कीं गाळणींतून दाटीवाटीनें निसटलेले कण वेडेवांकडे, फुगवटे आलेले असतात, तर खालच्या मार्गांतून मिसळलेले कण बहुधा गोल व एकसारखे असतात. मोडी कागदावरील अक्षराच्या वळणावरून लिहिणारा ओळखावा, तसाच हा प्रकार आहे. आणि वळणाप्रमाणेंच हाही पुरावा दुसऱ्या पुराव्यावांचून निर्णायक नव्हे. उतारवयांत मूत्राशयाचा अर्बुद किंवा मुतखडा हींही अशा रक्ताचीं कारणें असतात, आणि तीं आधीं वगळावीं लागतात.

संशोधकांस विशेष रुचेल असा वृत्तांत मात्र एका इंग्रज कुटुंबाचा आहे. या घराण्यांतील मूत्ररक्ताची नोंद गथ्री यानें इ. स. १९०२ त केली. त्यानंतर दुसऱ्यांनीं त्याच घराण्याविषयीं लिहिलें, आणि इ. स. १९२७ त आल्पोर्ट यानें सर्व धागे एकत्र केले. पिढ्या एकाखालीं एक मांडल्यावर दोन गोष्टी उघड झाल्या : कित्येकांस रक्ताबरोबर बहिरेपण होतें, आणि पुरुष तरुणपणींच मूत्रपिंड निकामी होऊन मरत, तर स्त्रिया बहुधा वृद्ध होत. एकट्या रक्तानें जें कळलें नसतें तें वंशावळीनें सांगितलें. या विकाराचें गुणसूत्रांतील एक मूळ इ. स. १९९० त सांपडलें. तेव्हां पुरुषांसच अधिक पीडा कां हेंही उलगडलें.

याच्या उलट धडा पॅरिसच्या बर्जे याच्या शोधांत आहे. इ. स. १९६८ त त्यानें गाळणींत एका विशिष्ट प्रतिपिंडाचा सांठा दाखविला. अशा रोग्यांच्या मूत्रांत रक्त येतें. प्रारंभीं हा विकार सौम्य समजला गेला. वर्षें लोटल्यावर त्यांतील अनेकांचीं मूत्रपिंडें निकामी झालेलीं दिसलीं. निवाडा चुकला तो काळाची साक्ष येण्यापूर्वींच दिला म्हणून.

(४)

ही काळाची साक्ष मोठ्या प्रमाणावर काढिली गेली ती इस्राएलांत, आणि तीही दप्तरांतून. तेथें सैन्यभरतीपूर्वीं तरुणांची तपासणी होते. इ. स. १९७५ ते १९९७ या काळांतील १२,०३,६२६ तरुण-तरुणींच्या नोंदी, मूत्रपिंड निकामी होऊन उपचारावर असलेल्या लोकांच्या राष्ट्रीय नोंदवहीशीं ताडून पाहण्यांत आल्या, निष्कर्ष इ. स. २०११ त प्रसिद्ध झाले. एक दप्तर सैन्यानें आपल्या कामासाठीं ठेविलेलें, दुसरें रुग्णसेवेसाठीं. दोहोंची गांठ घालतांच तिसरीच गोष्ट हातीं आली.

वारंवार तपासूनही रक्त आढळलेले, परंतु इतर कांहींही दोष नसलेले असे ३,६९० जण निघाले. सरासरी सुमारें बावीस वर्षांत त्यांपैकीं २६ जणांचीं मूत्रपिंडें निकामी झालीं. उरलेल्या बारा लाखांत हीच गत ५३९ जणांची झाली. इतर कारणें हिशेबांत धरूनही धोका साडेअठरा पट भरला. ‘साडेअठरा पट’ एवढेंच वाचणारा घाबरून जाईल. ३,६९० पैकीं ३,६६४ जणांस त्या मुदतींत तो प्रसंग आलाच नाहीं एवढेंच वाचणारा निष्काळजी होईल. दोन्ही आंकडे खरे आहेत आणि दोन्ही एकत्र वाचावयाचे आहेत. एकटें रक्त भविष्य सांगत नाहीं. तें चौकशी सुरू करण्याचा हुकूम देतें. त्याच्या जोडीस प्रथिन आहे काय, रक्तदाब वाढला आहे काय, मूत्रपिंडाची गाळण्याची शक्ति वर्षागणिक घटते काय, आणि घराण्यांत पूर्वीं कोणास असें झालें होतें काय, या चार साक्षी आल्यावरच निवाडा होतो.

आणि निवाडा प्रतिकूल झाला तरी तो शेवट नव्हे. प्रथिनगळती व रक्तदाब कमी करणारीं औषधें वेळीं सुरू केलीं, तर आल्पोर्टच्या विकारांतही यंत्रानें रक्त शुद्ध करून घेण्याची पाळी कित्येक वर्षें पुढें ढकलतां येते. सुश्रुताचा टेकू तो हाच. प्राचीनांस न दिसणारें रक्त ठाऊक नव्हतें. परंतु साध्य व असाध्य यांच्या मधोमध याप्याची जागा त्यांनीं राखून ठेविली होती, आणि सोबत्यांवांचून लक्षण वाचूं नये हेंही सांगून ठेविलें होतें. त्यांचें खरें श्रेय इतकें आहे, आणि तें थोडें नाहीं.

(५)

शेवटीं एक घरगुती गोष्ट सांगून विनंति करितों. दोन वर्षांपूर्वीं आमच्याच मूत्रांत असे कण आढळले. मूत्राशयाची दुर्बिणीनें झालेली तपासणी निर्दोष निघाली, प्रथिन नव्हतें, रक्तदाबही ठीक होता. मग वैद्यांनीं विचारलें, आपल्या घराण्यांत मूत्रपिंडाच्या विकारानें कोणी गेलें काय? आमच्या घरीं सात पिढ्यांची वंशावळ आहे, इनामाचे कागद आहेत, श्राद्धाच्या तिथि आहेत. आजोबा कोणत्या तिथीस वारले हें आम्हांस मुखोद्गत आहे. ते कशानें वारले हें एकाही कागदांत नाहीं. ‘अंगावर सूज येऊन गेले’ असें आजीच्या तोंडून एकदां ऐकिलें होतें, तेवढ्यावर आम्ही थांबलों. दरवर्षीं तपासणी करून घ्यावी एवढेंच वैद्यांस सांगतां आलें.

म्हणून संग्राहकांस विनंति अशी कीं, जुन्या वैद्यांच्या घरीं रोग्यांच्या नांवनिशीचीं टिपणें, औषधांच्या वह्या, पथ्याच्या चिठ्या मिळतात, त्या क्षुद्र समजून रद्दींत जाऊं देऊं नयेत. आणि आपापल्या वंशावळींत प्रत्येक नांवापुढें, ठाऊक असेल तेथें, मृत्यूचें कारण व वय लिहून ठेवावें. पुढील पिढींतील कोणास वैद्य तोच प्रश्न विचारील, तेव्हां उत्तर घरांतच सांपडावें.