परवाना कोणाचा?

रोहा तालुक्यातील धाटावसारख्या औद्योगिक गावात मद्यालय काढू इच्छिणाऱ्यास राज्य उत्पादन शुल्क खात्याकडे अर्ज करावा लागतो. अर्ज मंजूर झाला की दारावर ‘परमिट रूम’ अशी पाटी लागते. या पाटीतील परमिट विकणाऱ्याचे नव्हे, पिणाऱ्याचे; हे आपल्यापैकी कितीजणांच्या ध्यानी येते?

हा जिल्हा कुलाबा म्हणून ओळखला जात असताना १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने ताडी काढण्यावर परवान्याचा पाश घट्ट केला. आपल्याच वाडीतील माडाला हात लावायचा, तोही सरकारला विचारून! पुढे १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने बंदी हा नियम व परवाना हा अपवाद ठरविला. पवित्र मिस्साच्या द्राक्षारसालाही आपोआप सूट नव्हती. धर्मविधीसाठी मद्य वापरण्याच्या अनुमतीची त्या कायद्यात निराळी तरतूद करावी लागली. कालांतराने निर्बंध सैल झाले, पण पिणाऱ्याचे परमिट राहिले. ते मागून घेणारा आम्हांस क्वचितच भेटला.

गावाला मात्र २००८ च्या शासकीय आदेशाने अधिकार मिळाला. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी ‘आडव्या बाटली’ला मत दिले, तर मंजूर झालेले दुकानही बंद होते.