निद्रिस्त संगणकाला जाग कशी येते?

अहिल्यानगर जिल्ह्यातील पारनेर हा अवर्षणप्रवण तालुका. येथील कृषिपंपांना अनेक वर्षे पाळीने, कधी दिवसा तर कधी रात्री, वीज मिळत आली. अंधारात, बिबट्याच्या आणि सर्पदंशाच्या भयात विहीर गाठण्याचे संकट टळावे म्हणून राज्यात मोबाइलवरून पंप चालू करणारी उपकरणे आली. पुण्याचे अभियंते संतोष ओस्तवाल यांचे ‘नॅनो गणेश’ हे त्यांपैकी एक. २००९ मध्ये नोकियाच्या स्पर्धेत त्याला पारितोषिकही मिळाले. अशा व्यवस्थेत मोटार बंद असते, मात्र फोन ऐकणारे लहानसे सर्किट जागे असते. संगणकातील ‘वेक-ऑन-लॅन’ ही सोय याच तत्त्वावर चालते.

१९९५ मध्ये एएमडी कंपनीने ह्युलेट-पॅकार्डच्या सहकार्याने ‘मॅजिक पॅकेट’ची कल्पना मांडली. १९९७ मध्ये आयबीएम व इंटेल यांनी वेक-ऑन-लॅन तंत्र पुढे आणले. मॅजिक पॅकेटची रचना अगदी साधी आहे. प्रथम सर्व बिट १ असलेले ६ बाइट आणि त्यानंतर ज्याला उठवायचे त्या नेटवर्क कार्डाचा ६ बाइटचा पत्ता १६ वेळा. एकूण १०२ बाइट. प्रोसेसर, डिस्क व पंखा बंद असताना वीजपुरवठा विभागाकडून मिळणाऱ्या अल्प राखीव विजेवर कार्ड हा नमुना शोधत राहते. तो सापडताच ते मदरबोर्डाला इशारा देते.

हे सारे हार्डवेअरचे काम वाटते. पण कार्डाची तयारी करून घेतो तो ड्रायव्हर, म्हणजे कार्ड व संचालन प्रणाली यांच्यामधला प्रोग्राम. लिनक्स या मुक्त प्रणालीत त्यासाठी दोन गोष्टी कटाक्षाने वेगळ्या ठेवल्या आहेत. उपकरण संगणकाला जागे करू शकते का, हा पहिला प्रश्न. त्याने तसे करावे का, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर हार्डवेअरवरून ठरते, दुसऱ्याचे वापरकर्त्याच्या इच्छेवरून. बहुतेक उपकरणांना ही परवानगी मुळात दिलेली नसते. पॉवर बटण, कळफलक आणि वेक-ऑन-लॅन सुरू करून ठेवलेली नेटवर्क कार्डे हे त्याला अपवाद. ‘इथटूल’ या आज्ञेने वापरकर्त्याने एखादी पद्धत मागितली आणि कार्डाला ती जमत नसेल, तर ड्रायव्हरने स्पष्ट नकार द्यावा, अशी अपेक्षा आहे. होकार देऊन गप्प बसणारा ड्रायव्हर सर्वांत त्रासदायक. कारण त्याचा दोष संगणक दूर असताना आणि तो उठत नसतानाच उघडकीस येतो.

उलट चूक तितकीच महागात पडते. कोणत्याही पॅकेटवर उठण्याची मुभा दिली, तर कार्यालयातील नेटवर्कवर सतत फिरणारे सामान्य संदेशच संगणकाला झोपू देत नाहीत. महावितरण शेतकऱ्यांना पंपावरील ऑटोस्विच काढण्याचे आवाहन वारंवार करते, ते आठवावे: वीज येताच सारे पंप एकदम सुरू होतात आणि रोहित्रावर ताण येतो. सामर्थ्य आहे म्हणून परवानगी गृहीत धरल्याचाच हा प्रकार.

झोपण्याचा आदेश आला की ड्रायव्हर प्रथम पॅकेट पाठवणे थांबवतो आणि मेमरीशी चाललेली देवाणघेवाण बंद करतो. मग जागे करण्याचा नमुना कार्डात नोंदवून तो कार्डाला अल्पशक्ती अवस्थेत नेतो. मात्र केबलकडे कान देणारा भाग बंद करून चालत नाही. गिगाबिट वेगाला वीज अधिक लागते, म्हणून अनेक ड्रायव्हर त्या काळापुरता वेग १० किंवा १०० मेगाबिटवर आणतात. जाग आल्यावर आधीच्या इशाऱ्याची खूण पुसणेही आवश्यक असते. ती राहून गेली, तर पुढच्या वेळी संगणक झोपताक्षणीच उठून बसण्याची शक्यता असते.

या सोयीच्या मर्यादाही आहेत. मॅजिक पॅकेट सहसा नेटवर्कवरील सर्वांना उद्देशून पाठवले जाते आणि राउटर असे संदेश सहसा पुढे जाऊ देत नाहीत. त्यामुळे मुंबईतून पारनेरचा संगणक उठवायचा, तर पारनेरला दुसरे काहीतरी जागे असावे लागते. शिवाय पाठवणाऱ्याची ओळख तपासली जात नाही. काही कार्डांत ६ बाइटच्या पासवर्डची सोय आहे. पण तोही उघडाच प्रवास करतो.

ग्रामीण भागात याहून मोठी अडचण विजेची. मुख्य वीज गेली की राखीव वीजही जाते आणि कार्डाचे ऐकणे थांबते. वीज परतल्यावर अनेक संगणकांत संचालन प्रणाली एकदा सुरू होऊन ड्रायव्हरने पुन्हा तयारी करेपर्यंत वेक-ऑन-लॅन चालत नाही. २००० च्या दशकातील भारनियमनात याचा भरवसा धरणे कठीणच होते. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या २०१७ मधील पहिल्या प्रकल्पांसाठी पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धीची निवड झाली, ती शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणून. संगणकापुरता उपाय त्याच्या बायोसमध्ये आहे: वीज परतताच यंत्र आपोआप सुरू व्हावे, अशी नोंद तेथे करून ठेवता येते.