मरुभूमीतील नैसर्गिक किरणोत्सर्ग : मापनाचा इतिहास

माती, पाणी आणि वनस्पती यांतील नैसर्गिक किरणोत्सर्गाच्या मापनाचा इतिहास पाहता एक गोष्ट स्पष्ट होते. या तिहींपैकी एकाच्या मापनावरून दुसऱ्याविषयी अनुमान काढणे धोक्याचे असते. मरुभूमीत तर हे विशेषच खरे होय.

आरंभ मातीपासून झाला. जर्मनीतील वोल्फेनब्युटेल येथील एल्स्टर व गाइटेल या दोन शिक्षकांनी विसाव्या शतकाच्या प्रारंभी असे दाखविले की, जमिनीतून ओढून घेतलेली हवा बाहेरील हवेहून अधिक किरणोत्सर्गी असते. खडकातील रेडियमपासून निघणारा वायू मातीच्या फटींतून वर येतो, हे त्याचे कारण.

दुसऱ्या महायुद्धानंतर युरेनियमचा शोध सुरू झाला, तेव्हा अमेरिकेतील कोलोरॅडो पठाराच्या रुक्ष प्रदेशात वनस्पतीही मापनाच्या कक्षेत आल्या. हेलन कॅनन यांनी खोल मुळांच्या जुनिपर वृक्षांच्या राखेतील युरेनियम तपासले. तेथील ॲस्ट्रॅगॅलस प्रजातीतील काही वनस्पती मात्र युरेनियमच्या नव्हे, तर त्या खनिजासोबत आढळणाऱ्या सेलेनियमच्या निदर्शक होत्या. खूण व मोजमाप यांतील हा भेद अभ्यासकाने विसरता कामा नये.

पाण्याच्या बाबतीत हा प्रश्न जिव्हाळ्याचा ठरला. जॉर्डनच्या दक्षिणेकडील डिसी येथे वालुकाश्मात हजारो वर्षांपूर्वी साठलेले गोडे पाणी आहे. व्हेन्गोश व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये या पाण्यात रेडियम-२२६ व रेडियम-२२८ यांचे प्रमाण पेयजलाच्या मर्यादेहून पुष्कळ अधिक असल्याचे प्रसिद्ध केले. रेडियम सामान्यतः चिकणमातीच्या कणांना चिकटून राहते. वालुकाश्मात असे कण अल्प असल्याने ते पाण्यातच उरते. म्हणजे खडक किरणोत्सर्गाने समृद्ध नसतानाही पाणी तसे असू शकते. शिवाय रेडियम-२२८ बीटा किरण सोडते. केवळ आल्फा किरण मोजणाऱ्यास त्याचा थांग लागणार नाही. २०१३ पासून हेच पाणी नळाने अम्मानकडे जाऊ लागले.

तात्पर्य, ज्या मापनाचा आरंभ निव्वळ कुतूहलातून झाला व ज्याची वाढ खनिजाच्या लोभाने झाली, त्याची खरी कसोटी तहानलेल्या नगराच्या नळाशी लागली. तेथे मातीचा आकडा पाण्याच्या आकड्याचे काम करू शकत नाही.