बाजरीवरील अरगट

बाजरीवरील अरगट हा ‘क्लॅव्हिसेप्स फ्युसिफॉर्मिस’ या बुरशीमुळे बाजरीच्या कणसाला होणारा रोग आहे. ही बुरशी फुलातील अंडाशयात वाढते. त्यामुळे दाण्याच्या जागी आधी मधासारखा चिकट स्राव व नंतर गडद रंगाचा कठीण पिंड तयार होतो. पिंडात विषारी अल्कलॉइडे असल्याने रोगामुळे उत्पन्न घटतेच, शिवाय असे धान्य खाल्ल्यास माणसांना व जनावरांना विषबाधा होते. महाराष्ट्रात सातारा भागात १९५६ मध्ये हा रोग साथीच्या स्वरूपात आढळला.

वर्गीकरण व नाव

ही बुरशी हायपोक्रिएलीस गणातील क्लॅव्हिसिपिटेसी कुलात मोडते. या प्रजातीतील बुरश्या तृणकुलातील वनस्पतींच्या फुलोऱ्यावर जगतात. राय या धान्यावरील ‘क्लॅव्हिसेप्स पर्प्युरिया’ ही त्यांतील सर्वांत परिचित जाती होय. बाजरीवरील बुरशीला लव्हलेस यांनी १९६७ मध्ये स्वतंत्र जातीचा दर्जा दिला. ‘फ्युसिफॉर्मिस’ म्हणजे चातीच्या आकाराचा. हे नाव तिच्या बीजाणूंच्या आकारावरून आले आहे.

जीवनचक्र

जमिनीत किंवा बियाण्यात राहिलेले पिंड पावसाळ्यात रुजतात. त्यांतून देठ व गोलसर डोके असलेली सूक्ष्म फळे उगवतात. या डोक्यांतील धानींतून बाहेर पडलेले बीजाणू वाऱ्याने उडून उमललेल्या फुलांच्या कुक्षीवर पडतात. संसर्गानंतर साधारण पाच ते सात दिवसांत कणसावर गुलाबी किंवा फिकट मधाच्या रंगाचे थेंब दिसू लागतात. या स्रावात असंख्य बीजाणू असतात. पाऊस, कीटक आणि कणसांचे परस्परांशी घर्षण यांमुळे ते इतर फुलांवर पोहोचतात.

परागण वेळेवर झाल्यास कुक्षी सुकते व बुरशीचा मार्ग बंद होतो. म्हणून फुलोऱ्याच्या काळात ढगाळ, दमट हवा व रिमझिम पाऊस असला आणि परागकण कमी पडले, की रोग झपाट्याने वाढतो.

सूक्ष्मदर्शकाखालील निरीक्षण

निरीक्षणासाठी ताजा स्राव सुईच्या टोकाने घेऊन काचपट्टीवरील पाण्याच्या थेंबात मिसळतात. स्राव पातळ न केल्यास साखरेचा दाटपणा व बीजाणूंची गर्दी यांमुळे एकेक बीजाणू वेगळा दिसत नाही. बीजाणू रंगहीन असल्याने प्रकाश कमी ठेवावा लागतो. लॅक्टोफिनॉल कॉटन ब्लू हे रंजक वापरल्यास ते निळे दिसतात.

स्रावात दोन प्रकारचे बीजाणू आढळतात. मोठे बीजाणू एकपेशीय, चातीच्या आकाराचे व सुमारे १२ ते २४ मायक्रोमीटर लांब असतात. लहान बीजाणू गोलसर ते अंडाकृती असतात. रुजलेल्या मोठ्या बीजाणूतून एक किंवा अधिक अंकुरनलिका निघालेल्या दिसतात. धानीतील बीजाणू मात्र अगदी वेगळे, दोऱ्यासारखे असतात. त्यांची लांबी सुमारे १०० ते १७० मायक्रोमीटर, तर जाडी एक मायक्रोमीटरपेक्षाही कमी असते. पिंडाच्या पातळ आडव्या छेदात बाहेरचे गडद कवच आणि आत दाट विणलेल्या कवकतंतूंचा फिकट गाभा दिसतो.

ही तपासणी रोगनिदानास उपयोगी पडते. जुन्या स्रावावर फ्युजेरियमसारख्या इतर बुरश्याही वाढतात; त्यांचे मोठे बीजाणू चंद्रकोरीसारखे वाकलेले व आडपडद्यांचे असतात. अरगटाच्या बीजाणूंत आडपडदे नसतात. काणी रोगात दाण्याच्या जागी पिशवी तयार होते आणि ती फुटल्यावर गडद बीजाणूंच्या गुठळ्यांची भुकटी बाहेर पडते.

विषबाधा

रायवरील अरगटातील अर्गोटामीनसारख्या अल्कलॉइडांमुळे रक्तवाहिन्या आकुंचन पावून हातापायांना गँगरीन होऊ शकते. बाजरीवरील अरगटात अ‍ॅग्रोक्लॅव्हीन, एलिमोक्लॅव्हीन आदी क्लॅव्हीन गटातील अल्कलॉइडे असतात. त्यांच्यामुळे मळमळ, वारंवार उलट्या, चक्कर व गुंगी ही लक्षणे दिसतात. अशा विषबाधेच्या घटना १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात महाराष्ट्रात आणि १९७५ मध्ये राजस्थानात नोंदवल्या गेल्या. आफ्रिकेत हे धान्य खाल्लेल्या डुकरिणींचे दूध आटल्याचे आढळले होते. लव्हलेस यांचे या जातीचे वर्णन त्याच संदर्भातील आहे.

नियंत्रण

पिंड निरोगी दाण्यांपेक्षा हलके असतात. पेरणीपूर्वी बियाणे २० टक्के मिठाच्या द्रावणात, म्हणजे १० लिटर पाण्यात २ किलो मीठ या प्रमाणात, बुडवून ढवळतात. वर तरंगणारे पिंड व पोचट दाणे काढून नष्ट करतात. तळाचे बियाणे स्वच्छ पाण्याने दोन-तीन वेळा धुऊन सावलीत वाळवतात. रोगट कणसे काढून नष्ट करणे, खोल नांगरट, पिकांची फेरपालट व रोगप्रतिकारक वाणांची लागवड हे अन्य उपाय होत. खाण्याच्या धान्यातूनही पिंड वेगळे करणे आवश्यक असते. धान्य दळल्यानंतर ते ओळखता येत नाहीत.