फुगा आधी पायात गेला

मंडळी, बल्लाळदेवीच्या या अमडापुरात काय किंवा आणखी कुठे काय, अँजिओप्लास्टी म्हटलं की हात छातीकडे जातो. 'फुगा टाकला' म्हणजे हृदयातच. पण इतिहास उलटा आहे. फुगा आधी पायात गेला, हृदयात नंतर. म्हणून आज आम्ही पायाचीच गोष्ट सांगणार आहोत.

1963 साली अमेरिकेत पोर्टलंडला चार्ल्स डॉटर नावाचे क्ष-किरण तज्ज्ञ एका रुग्णाच्या रक्तवाहिन्यांचा फोटो काढत होते. त्यांची बारीक नळी बंद पडलेल्या धमनीतून चुकून आरपार गेली. दुसरा कोणी गप्प बसला असता. डॉटरांच्या डोक्यात मात्र आलं, चुकून होतं ते मुद्दाम का करू नये?

संधी आली 16 जानेवारी 1964 ला. 82 वर्षांच्या एक बाई, पायाची बोटं काळी पडून सडू लागलेली. पाय कापायचा सल्ला होता. आजींनी साफ नकार दिला. (आपल्याकडच्या आजी वेगळं काय म्हणाल्या असत्या?) डॉटरांनी मांडीच्या धमनीतल्या अरुंद जागेतून आधी तार सरकवली, मग तिच्यावरून एकीपेक्षा एक जाड टेफ्लॉनच्या नळ्या. मोठी चिरफाड नाहीच. गार पाऊल काही मिनिटांत ऊबदार झालं, आठवड्यात दुखणं थांबलं. तीन बोटं गळाली, पाय राहिला. अडीच वर्षांनी न्यूमोनियानं त्या गेल्या, तोवर स्वतःच्या पायांवर चालत होत्या.

तरी अमेरिकेतल्या सर्जनांनी बराच काळ पाठच फिरवली. उपाय रुजला युरोपात. झुरिकला आंद्रेआस ग्रुंटझिग यांनी घरच्या स्वयंपाकघरात बसून नळ्यांना फुगे जोडले. 1974 मध्ये पायाच्या धमनीत फुगा फुगवला, 1977 मध्ये हृदयाच्या. नाव झालं ते हृदयामुळे.

पाय मागेच राहिला. चालताना पोटरीत गोळा येतो, थांबलं की जातो. आपण म्हणतो, वात आहे, वय झालं. बिडी-तंबाखू किंवा शुगर असेल तर घोट्याचं आणि दंडाचं ब्लड प्रेशर ताडून बघायला सांगा. घोट्याचं दंडाच्या 0.9 पटीहून कमी भरलं तर धमनी अरुंद असण्याचा संशय. लगेच फुगा लागतोच असं नाही. बिडी सोडून, औषध घेऊन, रोज नेमानं चालून पुष्कळांचं भागतं. फुग्यानंतर जागा पुन्हा अरुंदही होते. पण आडवं झाल्यावर पाऊल दुखतंय, जखम भरत नाही, तर थांबू नका. संसर्ग जिवावर आला तर पाय काढावाच लागतो; एरवी होकार देण्याआधी धमनीचा फोटो झाला का, हे विचारा.

आता तुमचे प्रश्न घेऊ.